तेरडा कळला, पण कोणता?

गौरी यायच्या आदल्या दिवशी मेढ्याच्या आत्याने मला तेरडा आणायला पिटाळलं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होतो, त्यामुळे अंगात जरा वारं होतं. पठारावर जाऊन गुलाबी फुलांची मोठी जुडी घेऊन आलो. आत्याने ती हातात घेतली, फुलांकडे ढुंकूनही न बघता देठावरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवली. "ही न्हवं रे बाबा. ही कातळावरची दिसतीया. गौरीला वड्याकाठचा तेरडा लागतो, मुळासकट. मुळं म्हंजी गौरीची पावलं असत्यात." मी म्हटलं, आत्या, फूल तर तेच आहे की! "फुलाकडं काय बघतोस? पानं बघ की."

पुढे मी फुलं ओळखायला जे काही शिकलो ते सगळं या एका वाक्याच्या पोटात होतं, हे कळायला मला पाचसहा पावसाळे लागले. पठारावरची फुलं मुळापासून उपटायची नसतात, हेही तेव्हा कळत नव्हतं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. कास, चाळकेवाडी, ठोसेघर, महाबळेश्वर, बामणोलीकडचं रान इथे पावसाळ्यात फिरणाऱ्या आणि "हा तेरडा, ही कारवी, ही आमरी" इथपर्यंत पोचून अडलेल्या माणसासाठी. गटाचं नाव महिन्याभरात येतं. खरी मजा आणि खरी डोकेदुखी गटातल्या बहिणी वेगळ्या करण्यात आहे.

जाण्याआधी

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं, सराफ वापरतात तसलं घडीचं भिंग, एक जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेन नको, यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत कागद दमट होतो आणि शाई पसरते. छत्रीही नको, पठारावरचा वारा ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी करतो, त्यापेक्षा रेनकोट बरा. बामणोलीच्या बाजूला झाडीत उतरणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे घाला.

कास पठार साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटरवर आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून भाद्रपदातल्या शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त असतात. शिकायचं असेल तर मधला वार धरा, आणि गर्दीच्या दिवसांत प्रवेशाची नोंदणी आधी करून ठेवा. खरं तर सुरुवात कासला करूच नये, असं माझं मत आहे. तिथे पाऊलवाट सोडता येत नाही आणि सोडूही नये. पायाखाली आलेला इंचभर मातीचा थर म्हणजे पुढच्या वर्षीचं बी असतं. ठोसेघरच्या रस्त्याकडेला, नाहीतर घाटातल्या एखाद्या वळणावर, जिथे दरडीवरची फुलं थेट डोळ्यांच्या उंचीवर येतात, तिथे तासभर उभं राहिलं तर जास्त शिकून होतं.

भिंग वापरायची एक खुबी आहे. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मग स्वतः फुलाकडे वाकायचं. बरेच जण भिंग फुलावर धरतात आणि आपण लांब राहतात. मग सगळं धूसर दिसतं. फूल तोडून भिंगाजवळ आणायचा मोह आवरा. गुडघे टेका, पॅंट धुता येते.

बघण्याचा क्रम

फूल शेवटी बघायचं. रंग तर सगळ्यात शेवटी.

आधी जागा. झाड कातळावर आहे, साचलेल्या पाण्यात आहे, ओढ्याकाठी आहे, की झाडांच्या सावलीत? मग ठेवण: जमिनीलगत, गुडघ्याएवढं, की डोक्यावर? मग पानं. खोडावर ती समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ आहे की नाही, कडा कशी, लव आहे का. त्यानंतर फुलाची बाजू आणि पाठ. समोरून देखणं दिसणारं फूल ओळखीच्या कामाचं फारसं नसतं. त्याची शेपटी, त्याच्या मागची हिरवी दलं, ज्या पानासारख्या कोशातून ते बाहेर येतं तो कोश, यांत खुणा असतात. शेवटी शेंग किंवा बोंड असेल तर तेही.

मोबाइलवर फोटो काढताना हाच क्रम ठेवा. अख्खं झाड, खोडासकट दोनतीन पानं, फूल समोरून, फूल बाजूने, फूल मागून. शेजारी बोटाचं पेर येऊ द्या, मग आकाराचा अंदाज राहतो. लोक मला फुलांचे सुंदर फोटो पाठवून "हे काय?" विचारतात आणि त्यात पान म्हणून धुरकट हिरवी पार्श्वभूमी असते. मी काय सांगणार, कपाळ? फोटोवरून नाव सांगणारी ॲप्सही याच कारणाने फसतात. गट बहुधा बरोबर सांगतात, पण प्रजातीच्या जागी भलत्याच मुलखातली पाहुणी आणून बसवतात.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. शास्त्रीय नावांना घाबरायचं कारण नाही, त्यांत पुष्कळदा ओळखीची खूणच लपलेली असते. पुढे उदाहरणं येतीलच.

तेरड्यापासून सुरुवात

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. ओळखीच्या बाबतीत तो रंग तीन मिनिटंसुद्धा कामाचा नाही, कारण बहुतेक तेरडे गुलाबीच.

गावात, ओढ्याकाठी, पडक्या भिंतीच्या कडेला दिसणारा आणि गौरीला चालणारा तो इम्पेशन्स बाल्समिना. त्याची पानं एकाआड एक येतात, लांबट, कडा करवतीसारखी दातेरी. फुलामागे बारीक वाकडी शेपटी असते. बोंडावर मऊ लव असते. ते बोंड पिकल्यावर चिमटीत धरलं की फटकन फुटून बिया उडतात. तळाची एकदोन पानं कधीकधी समोरासमोर सापडतात, म्हणून निर्णय खोडाच्या मधल्या भागावरून घ्यायचा. ही छोटी गोष्ट वाटते, पण माझ्या पहिल्या दोन वह्यांतल्या निम्म्या चुका तळाच्या पानांनी केलेल्या आहेत.

आता पठारावर या. खोडावर अरुंद पानांच्या जोड्या अगदी समोरासमोर दिसल्या, तर इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया मनात आणा. नावाचा अर्थच "समोरासमोर पानांचा". कासचा प्रसिद्ध गुलाबी गालिचा बराचसा इम्पेशन्स लॉआय या तेरड्याचा असतो. मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या लॉ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून ते नाव पडलंय, म्हणजे इथे नावातून खुणेची मदत शून्य. गालिच्यातले ठेंगणे तेरडे एकमेकांपासून वेगळे काढायचे तर फुलाच्या बाजूची बारकी दलं आणि शेपटीची लांबी मोजावी लागते. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

त्यापेक्षा सोपे दोन शोधा. धबधब्याशेजारच्या ओल्या उभ्या कड्यावर खोडच नसलेला तेरडा दिसेल. पानं थेट खडकाला चिकटून आणि त्यातून वर आलेल्या बारीक दांड्यावर गुलाबी फूल. तो इम्पेशन्स अकॉलिस, म्हणजे "बिनखोडाचा". आणि फूल पिवळं असेल तर तो इम्पेशन्स डाल्झेली, पिवळा तेरडा. रंगावरून ओळखता येणारा तेवढा एक, म्हणून त्याला मी फितूर म्हणतो.

केना, नभाळी आणि तिसरी पाकळी

केन्याची भाजी खाल्लेल्या माणसाला केना ओळखायला काही शिकावं लागत नाही, असं वाटतं. मग रानात निळ्याजांभळ्या तीन पाकळ्यांची डझनभर फुलं समोर येतात आणि गाडी घसरते.

पाकळ्या मोजा आणि मापा. दोन मोठ्या निळ्या आणि तिसरी खाली, बारकी, फिकट, असेल-नसेल अशी दिसली, शिवाय फूल होडीसारख्या दुमडलेल्या हिरव्या कोशातून बाहेर आलेलं असेल, तर तो कोमेलिना, म्हणजे केन्याचा गट. या नावाची गोष्ट गमतीची आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने ते कोमेलिन घराण्यावरून दिलं. त्या घराण्यात तीन वनस्पतिशास्त्रज्ञ; दोघांनी नाव काढलं, तिसरा काही करून दाखवायच्या आत गेला. दोन पाकळ्या दिसतात, तिसरी दिसत नाही. ही गोष्ट एकदा ऐकली की गट विसरत नाही.

तिन्ही पाकळ्या सारख्या आणि मधले पुंकेसर निळ्याजांभळ्या केसांनी पिंजलेल्या कापसासारखे दिसत असतील, तर तो सायनोटिस, नभाळीचा गट. नभाळी आणि आभाळी ही नावं मात्र एकेक जण एकेका प्रजातीला लावतो. त्यावरून भांडू नका, वहीत शास्त्रीय नाव लिहा.

आता केन्यातल्या केन्यात. भाजीचा केना, कोमेलिना बेंगालेन्सिस, याचं पान रुंद असतं आणि पानाच्या तळाशी खोडाला वेढणाऱ्या म्यानाच्या तोंडाशी तांबूस केस असतात. भिंगाखाली बघा, बारीक मिशी दिसते. त्याचा कोश मागच्या बाजूने शिवल्यासारखा जोडलेला असतो, नरसाळ्यासारखा. कोमेलिना डिफ्युसामध्ये तोच कोश उघडा असतो, पुस्तकाच्या घडीसारखा. बोटाच्या नखाने अलगद उघडून बघता येतो. पानंही अरुंद असतात. भाजीचा केना आणखी एक चोरटं काम करतो: जमिनीखाली न उमलणारी फुलं धरतो आणि तिथेच बी करतो. शेतकरी त्याला उपटून का थकतात ते यावरून कळेल.

आमरी: शेपटी मोजा

ऑर्किडला आपल्याकडे आमरी म्हणतात. त्यातला जमिनीवर उगवणारा, बहुतेक पांढऱ्या फुलांचा हॅबेनारियाचा गोतावळा साताऱ्याच्या पठारांवर आणि रानाच्या कडेला भरपूर आहे. बहुतेक पांढऱ्या, सगळ्या गवतात उभ्या, आणि लांबून सगळ्या एकच.

यांत महिना फार कामाचा. आषाढात, पहिला जोरदार पाऊस होऊन गवत बोटभर झालेलं असताना, जमिनीला सपाट चिकटलेलं एकच गोल पान आणि त्यातून निघालेल्या दांडीवर थोडी पांढरी फुलं दिसली, तर ती हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. कधी पानं दोन असतात. गवत वाढलं की हे पान झाकलं जातं, म्हणून ही ओळखायची तर लवकर जायला हवं. कास बघायला सप्टेंबरात येणाऱ्यांना ही बहुधा भेटतच नाही.

श्रावण-भाद्रपदात टूथब्रश आमरी, म्हणजे हॅबेनारिया हेनिआना. तिची फुलं दांडीच्या एकाच अंगाला, एकावर एक दाटीने ओळीत बसतात. टूथब्रश हे नाव कुणी ठेवलं त्याला मानलं पाहिजे. एकदा ऐकल्यावर दुसरं काही दिसत नाही.

मग हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ सरळ आहे: लांब शिंगाची. उंच दांडी, मोठी पांढरी फुलं, आणि प्रत्येक फुलामागून खाली लोंबणारी हिरवट शेपटी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती शेपटी म्हणजे दुसऱ्याच गवताचं पातं फुलाला अडकलंय असं वाटून बाजूला करायला गेलो. ती हललीच नाही. मग टिपणाच्या वहीची कड लावून मापली, तर माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब भरली. फूल समोरून बघितलं असतं तर यातलं काही दिसलंच नसतं.

खडकाच्या भेगेत एखाददुसऱ्या फुलाची बुटकी आमरी दिसली तर ती हॅबेनारिया रॅरिफ्लोरा, "विरळ फुलांची". आणि फुलं पिवळी, पानाच्या कडेला पिवळसर रेघ असेल तर हॅबेनारिया मार्जिनाटा. मार्जिन म्हणजे कड, नावात आलंच. पाचगणीच्या नावाचीही एक हॅबेनारिया आहे, पांचगणिएन्सिस. पठारावरच्या साचलेल्या पाण्यात उगवणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, हिच्यात पाचगणी. आपल्या जिल्ह्याला एवढा मान मिळाल्यावर निदान फुलावर पाय तरी देऊ नये.

कवला

कवला म्हणजे स्मिथियाचा गट. थोडक्यात सांगतो, कारण यात मीही अजून चाचपडतो. पिवळं फूल, त्यावर दोन लाल ठिपके, मिकी माउसच्या तोंडासारखं: तो स्मिथिया हिर्सुटा. हिर्सुटा म्हणजे केसाळ, खोड चाचपून बघा. पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर छोट्या पानांच्या जोड्या; त्या मोजा. दोनच जोड्या असतील तर स्मिथिया बायजेमिना, "दोन जोड्यांचा". कमरेपर्यंत वाढलेलं दांडगं झुडूप असेल तर मोठा कवला, स्मिथिया सेट्युलोसा. जांभळ्या फुलाचा तो स्मिथिया पर्प्युरिया. महाबळेश्वर-पाचगणीच्या टापूत स्मिथिया आघारकरी नावाचा कवला मिळतो. तिथे गेलात की प्रत्येक पिवळ्या कवल्याला हिर्सुटा म्हणून मोकळे होऊ नका.

फुलाविना कारवी

आता रानात शिरू. बामणोलीचा उतार, कोयनेचं खोरं, महाबळेश्वरची झाडी, इथे सावलीत दाट माजलेली कारवी असते. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. म्हणजे तुम्ही गेलात त्या वर्षी ती फुललेली नसण्याचीच शक्यता जास्त, आणि तरी ओळखायची आहे. म्हणूनच मी शिकणाऱ्यांना इथे आणतो. फुलाची कुबडी काढून घेतली की माणूस पान बघायला लागतो.

साधी कारवी, स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा, पुरुषभर किंवा त्याहून उंच होते. पानं मोठी, समोरासमोर, शिरा ठळक, हात फिरवला की खरखरीत. खोड सरळ काठीसारखं. याच काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून घराचे कूड करायचे. डोंगरातल्या जुन्या घराचं लिंपण कुठे ढासळलं असेल तर आत काठ्या दिसतात.

पठारावरची टोपली कारवी हे तिचं लहान मूल नव्हे, ही चूक मी स्वतः केलेली आहे. ती वेगळी प्रजाती. कंबरेच्या आतच राहते आणि झुडूप असं गोल वाढतं की कुणी टोपली पालथी घालून गेल्यासारखं वाटतं. स्ट्रोबिलॅन्थस सेसिलिस या नावाने ती वर्षानुवर्षं ओळखली गेली. रेटिक्युलाटा हेही नाव तुम्हाला वाचायला मिळेल. सेसिलिस म्हणजे देठ नसलेली. पानाचा तळ खोडाला कसा टेकतो ते बघा.

तिसरी वायटी, स्ट्रोबिलॅन्थस इक्झिओसेफाला. ग्रीकमधून आलेल्या या नावाचा अर्थ "चिकट डोक्याची". फुलोऱ्याचा गेंद बोटाने हलकेच दाबा, बोट चिकटतं. एवढी सोपी परीक्षा दुसऱ्या कुठल्या रानफुलाची मला माहीत नाही.

चवर आणि रानहळद

दोघींची पानं कर्दळीसारखी, दोघी हळदीच्या कुळातल्या. रानहळद, म्हणजे कुर्कुमा स्यूडोमोन्टाना, हिच्या फुलोऱ्याच्या टोकाला गडद गुलाबी पानांचा तुरा असतो आणि खालच्या कोशांतून पिवळी फुलं डोकावतात. चवर, कुर्कुमा कॉलिना, हिचा फुलोरा फिकट हिरवट-पांढरा आणि पानांच्या दांड्याच्या शेंड्याला. कॉलिना म्हणजे "खोडाची". हिच्या कंदाचं सत्त्व पूर्वी आरारुटासारखं वापरत.

आणि स्यूडोमोन्टाना म्हणजे "खोटी मोन्टाना". म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनाही दुसरीच कुणीतरी आठवत होती. आपला गोंधळ होतो त्यात नवल नाही.

कुठे थांबायचं

गेंदाची पांढरी बटणं कासवर हजारोंनी असतात. त्यांच्या प्रजाती वेगळ्या करायच्या तर इवल्या फुलाचे भाग आणि बी सूक्ष्मदर्शकाखाली घालावं लागतं. तिथे वहीत नुसतं "गेंद, एरिओकॉलॉन" लिहून पुढे निघा. जाणकार माणूससुद्धा तेच करतो, फक्त तो ते न लाजता करतो. नेटवरचा फोटो जुळवून पूर्ण नाव लिहिलं की पुढच्या वर्षी तेच चुकीचं नाव आपलंच आपल्याला खरं वाटायला लागतं. माझ्या जुन्या वहीत असे तीन तेरडे आहेत, त्यांच्यावर मी नंतर लाल काट मारली.

नोंद अशी करा: जागा, तारीख, पानांची मांडणी, शेपटी, लव, मग गटाचं नाव, आणि प्रजातीपुढे प्रश्नचिन्ह. जवळ एखादा दगड, मैलाचा खांब किंवा झाड असेल तर त्याची खूण लिहा. तेरड्याची बोंडं ऑक्टोबरात तयार होतात. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, बामणोलीच्या एसटीत बसायला जागा मिळते, आणि त्याच दगडाशी उतरून त्या प्रश्नचिन्हाचं काय झालं ते बघता येतं.